हैदोस कुणाचा?

मंडळी, मराठी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्याला एक गोष्ट न शिकवता कळते. बिबट्या नेहमी 'धुमाकूळ' घालतो. माकडं आणि गावगुंड 'हैदोस' घालतात. दारुड्याचा असतो तो 'धिंगाणा', आणि शाळकरी पोरांचा 'धुडगूस'. कॉलरा, प्लेग, चक्रीवादळ यांचं मात्र 'थैमान' असतं. आग लागली की तिचं 'तांडव'. यात अदलाबदल चालत नाही. सहलीला गेलेल्या चौथीच्या मुलांनी बागेत तांडव केलं असं कुणी निबंधात लिहिलं, तर मी आजही खाली लाल रेघ ओढीन.

पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास हे दोन्ही विषय शिकवले. त्यामुळे मराठीच्या तासाला इतिहास आणि इतिहासाच्या तासाला मराठी अशी माझी सवय झाली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. नेरूळच्या घरात आता वेळच वेळ. चष्मा लावायचा, कोश उघडायचा, एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जायचं. परवा असाच 'हैदोस' या शब्दापाशी अडकलो, तो आज इथे मांडतो.

माणसाचा तोल सुटला, गर्दीचा ताबा सुटला, की आपण जे शब्द वापरतो त्यांचे सरळ दोन ढीग पडतात. पहिला ढीग 'बे'वाल्यांचा. बेफाम, बेभान, बेताल, बेलगाम, बेछूट, बेबंद. हा 'बे' फारसीतून आला, त्याचा अर्थ 'विना'. 'फहम' म्हणजे समज, म्हणून बेफाम म्हणजे समज हरवलेला. बेलगामचा लगाम गेला, बेतालचा ताल गेला. हे शब्द प्रामाणिक आहेत. काय हरवलं ते सांगतात आणि गप्प बसतात. जनावरांवरून आलेलेही असेच साधे. घोडा उधळतो, हत्ती माजावर येतो, कुत्रं पिसाळतं, गुरं मोकाट सुटतात. 'सैराट' हा शब्द आमच्याकडे मोकाट सुटण्यासाठीच वापरत. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा सिनेमा आला आणि शहरातल्या पोरांनाही तो शब्द पाठ झाला. चांगलं झालं.

खरा मासला दुसऱ्या ढिगात आहे. गोंधळ, तांडव, शिमगा, तमाशा, हैदोस... हे शब्द काहीतरी हरवल्याचं सांगत नाहीत. ही कशाची तरी नावं आहेत. देवाच्या, सणाच्या, खेळाच्या गोष्टींची नावं. आणि गंमत अशी की त्यातल्या बहुतेक गोष्टी मुळात काटेकोर शिस्तीच्या आहेत.

गोंधळच घ्या. ज्यांच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालण्याचा कुळाचार आहे त्यांना सांगायला नको. चौक मांडायचा, त्यावर घट ठेवायचा, दिवटी पेटवायची. संबळ आणि तुणतुणं कधी सुरू होणार, कुठल्या देवाला कुठल्या क्रमाने बोलवायचं, आधी गण, मग आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. सगळं ठरलेलं. पिढ्यान्पिढ्या शिकून आलेले गोंधळी असतात, कुणीही उठून गोंधळ घालू शकत नाही. पण रात्रभर संबळ वाजतो आहे, झोप होत नाही, आतलं काही दिसत नाही, असा शेजारी पहाटे काय म्हणणार? 'काय गोंधळ लावलाय!' भाषेत शेवटी टिकला तो त्या शेजाऱ्याचा अर्थ. आज परीक्षेच्या निकालात गोंधळ, मतदारयादीत गोंधळ, रेल्वेच्या वेळापत्रकात गोंधळ. देवी कुठेच नाही.

तांडवाचंही तेच. भरताच्या नाट्यशास्त्रात तांडवाचं एक अख्खं प्रकरण आहे. हात कुठे, पाय कुठे, कंबर कशी, अशी १०८ करणं मोजून दिली आहेत. चिदंबरमच्या नटराजाचं तर 'आनंदतांडव' आहे. आपण त्यातला आनंदही टाकला आणि ती १०८ करणंही टाकली. राहिली ती आगीची बातमी. घरात कुणी ताटवाटी आपटली तरी 'आकांडतांडव'.

आता हैदोस.

कोशकार या शब्दाचं मूळ मोहरमात दाखवतात. ताबुतांच्या मिरवणुकीत छाती पिटत जो आक्रोश होई, त्यातला 'हाय दोस्त'. दख्खनच्या बाजूला त्याला 'दुल्हा' जोडला जाई, 'हाय दोस्त, दुल्हा!' बोलता बोलता त्याचं 'हायदोस' झालं, मग 'हैदोस', आणि अर्थ झाला धांगडधिंगा.

मला हा उगम कोशातून कळण्याआधी कानाने माहीत होता. माझं बालपण सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यात गेलं. आमच्या शिवेपलीकडे उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंतचं निजामाचं राज्य. म्हाताऱ्या बायका त्याला 'मोगलाई' म्हणत. माझी एक आत्या 'मोगलाईत दिलेली' होती, आणि त्यात निंदा काहीच नव्हती, तो नुसता पत्ता होता. 'ही काय मोगलाई लागून गेली?' हे वाक्य मी पुण्याला बी. ए. करायला गेल्यावर ऐकलं. तिथे तोच शब्द अंदाधुंदीसाठी. आत्याच्या सासरचा पत्ता पुण्यात शिवी होऊन बसलेला! असो, हे विषयांतर झालं, पण अगदीच परकं नाही.

तर आमच्या गावचा मोहरम. मुलाण्यांची घरं पाच-सहा, पण पंजे सगळ्या गावाचे. सवारी निघाली की पाटलांच्या वाड्यापुढे थांबायची, बायका पंजावर पाणी ओतायच्या, मलिदा आणि चोंगे घरोघर जायचे. नवसाने झालेल्या पोराला दहा दिवस 'फकीर' करत, गळ्यात रंगीत नाडा आणि हातात झोळी. असे फकीर मराठा, धनगर, न्हावी सगळ्यांच्या घरचे. मशिदीपुढे खड्डा खणून त्यात आर पेटवायचा, त्याला 'अलावा' म्हणत. रात्री त्या अलाव्याभोवती फेर धरून माणसं ओरडायची, 'हाय दोस, धुल्ला! हाय दोस, धुल्ला!' पोरं मागे मागे. धूळ उडायची, ठिणग्या उडायच्या, डफ वाजायचा. माझ्या आजीच्या तोंडी घरातल्या दंग्याला शब्द होता तो हाच. 'काय रं हायदोसधुल्ला मांडलाय?'

त्या ओरडण्याचा अर्थ मात्र आम्हा पोरांना कुणी सांगितला नव्हता. तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे.

इसवी सन ६८० च्या ऑक्टोबरात, हिजरी ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशी, इराकमधल्या करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे मूठभर सोबती मारले गेले. त्याआधी त्यांचं पाणी तोडलं होतं. त्या सोबत्यांत हुसेन यांचा पुतण्या कासीम होता, कोवळ्या वयाचा. परंपरा अशी सांगते की त्याचं लग्न त्या छावणीतच लावलं गेलं, आणि तो लगेच रणात पडला. म्हणून मोहरमच्या सातव्या दिवशी कासीमची मेंदी निघते. 'दुल्हा' तो. हळद-मेंदी ओली असताना गेलेला नवरदेव. 'हाय दोस्त, दुल्हा' हे त्याच्यासाठीचं रडणं आहे.

म्हणजे पाहा, मराठीत बेबंद धांगडधिंग्यासाठी सर्वांत तिखट शब्द जो आहे, तो मूळचा विलाप. ज्यांना मेलेला माहीत होता ते रडत होते. ज्यांना माहीत नव्हता त्यांना नुसता आवाज ऐकू आला.

मोहरमचा आणखी एक शब्द आपल्याकडे आहे आणि तो तर दर निवडणुकीला छापून येतो. 'कत्तल की रात'. मतदानाच्या आदल्या रात्री पैसे वाटले जातात, बाटल्या पोहोचवल्या जातात, तिला हे नाव. मूळची ती मोहरमच्या दहाव्या दिवसाआधीची रात्र. पूर्वी त्या रात्री मुंबई-पुण्यात सगळे ताबूत आणि पंजे फिरायला निघत, शहर झोपत नसे. करबलाच्या कत्तलीची आठवण ती. तिथून ही पाकिटांच्या वाटपापर्यंत आली.

हे फक्त मराठीत घडलं असं मात्र नाही. इंग्रजांनी नेमकं हेच केलं, आणि त्यांना त्याचं कौतुकही वाटलं. 'या हसन! या हुसेन!' हा आक्रोश गोऱ्या सोजिरांच्या कानाला पडला आणि त्यांच्या जिभेवर त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' झालं. दोन्हीही विलायती आडनावं! सतराव्या शतकात आलेल्या डॉक्टर जॉन फ्रायरने तर 'हुसेन-गोसेन' असं लिहून ठेवलं आहे. अर्थ काय? नेटिवांचा सणासुदीचा गलबला, कसलाही तमाशा. पुढे हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी इंग्रजीत शिरलेल्या हिंदी शब्दांचा जाडजूड कोश केला, तो १८८६ साली निघाला, आणि त्याचं नावच 'हॉब्सन-जॉब्सन' ठेवलं. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून त्यांनी 'जगरनॉट' केला, म्हणजे वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी शक्ती. आमच्या रथाचा दोर कुणी किती हात धरायचा, रथापुढे सोन्याच्या झाडूने कुणी झाडायचं, हे सगळं ठरलेलं असतं. ते त्यांना दिसलं नाही. फक्त चाकं दिसली.

पण इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. ते सातासमुद्रापलीकडचे होते. आपण तर त्याच अलाव्याभोवती फिरत होतो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा स्वतःचा ताजिया असे. पुण्यात हिंदू लोक ताबूत बसवत, वाघाची सोंगं घेत, टोळ्या करून गात फिरत. मग हा शब्द 'त्यांचा' कधी झाला?

याला तारीख सांगता येते, अशा गोष्टी इतिहासात कमी असतात. १८९३ च्या जुलैत काठेवाडात प्रभासपाटणला मोहरमच्या वेळी दंगल झाली. तिचे पडसाद मुंबईत उमटले आणि ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर दंगल पेटली ती काही दिवस चालली. पुढच्या वर्षी, १८९४ साली, पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपात मोठा झाला. लोकमान्य आणि 'केसरी' यांचा त्यातला वाटा आपण शाळेत शिकतो, मीही शिकवला. पाठ्यपुस्तकात जे नसतं ते असं, की त्याच वर्षी हिंदूंनी ताबुतात जाऊ नये अशी हाक दिली गेली आणि ती मोठ्या प्रमाणावर पाळली गेली. गणपतीपुढे जे मेळे निघाले, सारख्या पोशाखातली पोरं, हातात टिपऱ्या, प्रसंगानुसार रचलेली पदं, ते पुष्कळसे मोहरमच्या टोळ्यांच्या धर्तीवर होते असं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. साहजिकच आहे. काल टोळीत नाचणारा पोरगा आज मेळ्यात आला. पाय तेच, ठेका तोच. मेळ्यांच्या काही पदांत ताबूत सोडा असाच उपदेश होता.

मुंबईतला जुना मोहरम त्यानंतर फार वर्षं टिकला नाही. एस. एम. एडवर्ड्‌स हा १९०९ ते १९१६ मुंबईचा पोलीस कमिशनर होता. मोठा लिहिणारा माणूस. त्याला मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्यांची खडान्‌खडा माहिती होती. १९११ च्या मोहरमात गोळीबार झाला. त्यानंतर त्याने मिरवणुकांवर असे निर्बंध घातले की टोळ्यांचा तो मोहरम संपला. सरकारी हिशेबाने हैदोस बंद झाला!

आणि शब्द? शब्द कुठे जातो? तो आपल्याच घरात राहिला. आम्ही ताबूत सोडला, 'हाय दोस्त' विसरलो, आणि हैदोस ठेवून घेतला. आता काय होतं ते पाहा. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं की 'डीजेचा हैदोस' हा मथळा ठरलेला. आमच्या सेक्टरमधून रात्री मिरवणुका जातात तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात, माझं छातीतलं यंत्रही थरथरतं. मी त्या मथळ्याशी सहमत असतो, हे कबूल करायला हवं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी जी मिरवणूक ताबुताला पर्याय म्हणून निघाली, तिच्यावर शेवटी ताबुताचाच शब्द येऊन बसला. कोशातल्या शब्दांना विनोद कळतो असं मला कधीकधी वाटतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मास्तर, तुमचं म्हणणं असं दिसतं की बाहेरच्याला गोंधळ वाटतो तो आतून नेहमी शिस्तीचाच असतो. म्हणजे कुणाला काही म्हणायचंच नाही?

नाही, तसं नाही. त्यासाठी 'बर्गी' हा शब्द पाहू. हा मराठीत नाही, बंगालीत आहे. पण आपल्यामुळे आहे.

शिवकाळापासून आपल्या घोडदळात दोन प्रकार. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा. बारगीर म्हणजे ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो. म्हणजे मराठीत बारगीर हा जरा गरीबच शब्द, ज्याच्याकडे स्वतःचं घोडं नाही असा शिपाईगडी. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर या बारगिरांना घेऊन बंगालवर चालून गेले. चौथाई हवी होती. नवाब अलिवर्दी खान देत नव्हता. पुढची जवळजवळ दहा वर्षं स्वारीमागून स्वारी. १७४४ साली अलिवर्दीने भास्करपंतांना भेटीला बोलावून दग्याने मारलं, त्याने प्रकरण आणखी चिघळलं. १७५१ साली तह झाला, दरसाल बारा लाख रुपये चौथाई ठरली, ओरिसाचा वसूल नागपूरकरांकडे आला. आपल्या पुस्तकात हा मजकूर एवढाच आणि अभिमानाने.

बंगालच्या बाजूला काय आहे? जळलेली गावं, लुटलेली कोठारं, गंगेच्या पश्चिम काठावरून जीव घेऊन पळालेली कुटुंबं. त्याच काळात गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात हे अत्याचार वर्णिले आहेत. कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच'. आणि सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे एक अंगाईगीत. बंगाली आया आजही ते म्हणतात. मूल झोपलं, मोहल्ला शांत झाला आणि देशात बर्गी आले, असा त्याचा आशय. पेरूच्या झाडाखाली खेळणाऱ्या आपल्या नातवंडांना आपण बागुलबुवाची भीती घालतो ना, तिथे बागुलबुवा आपण होतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने बंगाली मुलीशी लग्न केलं. तिच्या आईने पहिल्याच भेटीत हसत हसत 'बर्गी जावई' म्हटल्याचं तो मला सांगत होता. तो हसला. मला हसू आलं, पण अर्धवट. स्वारीला नकाशा होता, हिशेब होता, सरदारांची उतरंड होती, सगळी आतली शिस्त होती. तरी ज्याचं घर जळलं त्याने दिलेलं नाव खोटं म्हणता येत नाही. दुसऱ्याने आपल्याला काय नाव ठेवलं आहे हे सुद्धा इतिहासाचं साधन आहे, आणि आपण ते फार कमी वाचतो.

आपल्यावर असा प्रसंग आला तेव्हाही शब्द तयार झालाच. पानिपत, १४ जानेवारी १७६१. भाऊसाहेब दिसेनासे झाले आणि फौज फुटली. ती धावाधाव, ती चेंगराचेंगरी म्हणजे 'भाऊगर्दी'. जुन्या बखरीत 'गर्दी' म्हणजे नुसती माणसांची दाटी नव्हे. उलथापालथ, कत्तल, प्रलय असा तिचा अर्थ. आज आपण 'दिवाळी अंकांची भाऊगर्दी' म्हणतो आणि वाशी स्टेशनवर 'फार गर्दी होती हो' म्हणतो. एका पिढीचा आक्रोश, सात-आठ पिढ्यांनंतर नुसती तक्रार.

आता एक उदाहरण उलट बाजूचं, कारण ते मी वर्गात दरवर्षी न चुकता सांगत असे. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या. लवकरच पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी हेच घडलं. सरकारी दप्तरात याचं नाव 'दख्खनचे दंगे'. दंगा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? लूटमार, खून, जे दिसेल ते फोडणं. चौकशीला आयोग नेमला गेला आणि त्याला आढळलं ते वेगळंच. या 'दंगेखोरांना' हवी होती ती कागदपत्रं. कर्जरोखे, गहाणखतं, हुकूमनामे. सावकाराने ती मुकाट्याने बाहेर काढून दिली की ती जाळायची, आणि बहुतेक ठिकाणी तिथेच काम संपे. माणसांना मारहाण तुलनेने फारच थोडी.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, १८६५ ला युद्ध संपलं आणि तो भाव कोसळला. त्यातच नव्या पाहणीने सारा वाढवलेला. कर्ज फिटेना, नांगराखालची जमीन लिलावात निघायला लागली. अशिक्षित माणूस, अंगठा उठवलेला कागद त्याला वाचता येत नाही, पण कोर्ट तेवढाच वाचतं. त्याने तो कागदच जाळला. याला मी बेफाम कसं म्हणू? समज पूर्ण जागेवर होती. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. पाठ्यपुस्तकांत आता 'दख्खनचा उठाव' असंही लिहितात. मुलांना मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहायला लावत असे आणि विचारत असे, यातला एक शब्द सावकाराच्या ओट्यावर बसून लिहिला आहे, कोणता?

हाच प्रश्न नवी मुंबईत राहणाऱ्याला फार लांब जाऊन विचारावा लागत नाही. सिडको स्थापन झाली १९७० साली. ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची भातखाचरं, मिठागरं घेऊन हे शहर उभं राहिलं. मी ज्या इमारतीत बसून हे टंकतो आहे तिच्याखालीही कुणाचं तरी खाचर आहे. १९८४ च्या जानेवारीत योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला उरण भागात दास्तान फाटा आणि नवघर फाटा इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. पुढे विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के शेतकऱ्याला परत, हे तत्त्व मान्य झालं, ते या पाच जणांच्या जिवावर. उरणकडे दर जानेवारीत त्या हुतात्म्यांना अभिवादन करायला लोक जमतात.

अशा प्रसंगी एक वाक्य ठरलेलं असतं, कुठल्याही राज्यात, कुठल्याही पक्षाचं सरकार असो. 'जमाव बेकाबू झाला.' हेही 'बे'वाल्यांपैकीच, पण हे प्रामाणिक नाही. काबू कुणाचा होता, तो कधीपासून होता, आणि जमिनीवरचा काबू कुणी कुणाकडून घेतला, यातलं काही हे वाक्य सांगत नाही. २०२१ च्या जूनमध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून याच लोकांनी मैलोगणती मानवी साखळी केली. हात हातात, भर पावसाळ्यात. तेव्हा 'बेकाबू' म्हणायची सोय कुणाला राहिली नाही.

घरगुती शब्दांबद्दल लिहायचं राहिलंच. एवढंच सांगतो, की पुरुष 'संतापतो', 'कडाडतो', 'गरजतो', आणि तोच राग बाईला आला की तिचा 'थयथयाट'. आमच्या सौभाग्यवतींनी हे वाचून मान डोलावली आहे. हा विषय त्यांनीच कधीतरी लिहावा.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला अजून उंचच उंच ताबूत निघतात, ते उचलायला सगळ्या जातिधर्मांचे खांदे असतात. बघायला जायचं दोनदा ठरलं, गुडघ्यांनी नाही म्हटलं. आमच्या नातेवाईक मंडळींपैकी कुणी तिकडे असेल, किंवा तुमच्या गावी मोहरमात वेगळं काही ओरडत असतील, तर ते जसं ऐकलं तसंच, उच्चार न सुधारता, मला लिहून कळवा. आमच्या गावचा अलावा आता बुजला आहे, त्यावर व्यायामशाळा झाली असं पुतण्या सांगत होता. 'हायदोसधुल्ला' म्हणणारी माझ्या माहितीतली शेवटची व्यक्ती म्हणजे माझी थोरली बहीण. तिला परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "अरे ते आपण पोरं ओरडायचो ना? आणि ती मुलाण्याची म्हातारी रडायची."

म्हातारी रडायची हे मला आठवत नव्हतं. तिला आठवतं.